घास उतरेना

मला घशाचा कॅन्सर झाला नव्हता. हे एवढं साधं वाक्य मला पटायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत माझं वजन बारा किलोंनी उतरलं. चार डॉक्टर झाले, दोनदा दुर्बीण झाली, एक सिटी स्कॅन झाला. सगळ्यांनी एकच सांगितलं, घशात काही नाही. आणि माझा घास काही केल्या खाली उतरत नव्हता.

ज्या बायका आत्ता हे भोगतायत त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. पुरुषांनीही वाचायला हरकत नाही. पण आपल्याला असलं काही होतं हे ते कबूल करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बायकांनी वाचून दाखवावं. औषधांची नावं मी सांगणार नाही. ती ज्याची त्याने डॉक्टरांकडून घ्यावीत. मी मेस चालवणारी बाई आहे, मला फोडणीतलं कळतं.

दुसरा घास

लातूरला क्लासेसच्या भागात माझी मुलींची मेस आहे. पस्तीस-चाळीस मुली दोन्ही वेळा जेवतात. भाजी, आमटी, भात माझ्याकडे आणि पोळ्या-भाकरी शमीमबीकडे. ती अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे. वयाने थोडी लहान, म्हणून मला अक्का म्हणते. घरात मी आणि प्रणिताचे पप्पा. हे एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा परिचर आहेत. एकुलती एक लेक प्रणिता, नांदेडला औषधांच्या एजन्सीत कामाला. ती दर शनिवारी येते.

गेल्या वर्षी जुलैमधली दुपार. मुली जेवून क्लासला गेल्या, तेव्हा शमीमबी आणि मी ताटं घेऊन बसलो. येसराची, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. पहिला घास नीट गेला. दुसरा घशात अडकला. मी पाणी प्यायले, तो गेला. पण गेल्यानंतरही तिथे काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, जणू मटकीचा दाणा चिकटून बसलाय. संध्याकाळी तो दाणा तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही.

एखादी बाई म्हणाली असती, काहीतरी टोचलं असेल, जाईल. मी तसं म्हणू शकत नव्हते. माझ्या वडिलांचं दुखणं नेमकं असंच सुरू झालं होतं.

बापू

बापू उमरीला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. आठ वर्षांपूर्वी त्यांना भाकरी गिळायला त्रास व्हायला लागला. माझा मोठा भाऊ नांदेडला असतो, त्याने त्यांना तिथल्या दवाखान्यात नेलं, मीही गेले. डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, घशाचा कॅन्सर आहे आणि उशीर झालाय.

दादा तिथल्या तिथे म्हणाला, "बापूला सांगायचं न्हाई. हाय खाईल म्हातारा."

मी मान हलवली. आमच्याकडे हे असंच करतात, आणि त्याला माया म्हणतात. आजाऱ्याला सोडून सगळ्या गावाला माहीत असतं. भेटायला येणारा दारातच विचारतो, "त्यांला सांगितलं का?" मग आत येऊन म्हणतो, "चेहऱ्यावर तेज आलंय की."

पण बापू काट्यावरचे माणूस होते. कागद बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. ते रिपोर्ट मागायला लागले. इंग्रजी त्यांना फार येत नव्हतं, पण स्वतःचं नाव, आकडे आणि 'नॉर्मल' हा शब्द वाचता यायचा. मग दादाने कुणाचा तरी चांगला रिपोर्ट मिळवला, झेरॉक्सच्या दुकानातून त्याच्यावर बापूंचं नाव घालून आणलं आणि तो त्यांच्या हातात दिला. बापूंनी चष्मा लावला. नावाखाली बोट ठेवून नाव वाचलं. मी बाजूला बसून म्हणाले, "बघा बापू, नॉर्मल हाय. नुसती सूज हाय थोडी."

चौथ्या महिन्यात, दादा चहा आणायला गेलेला असताना, त्यांनी माझं मनगट धरलं. "माय, खरं सांग. मला काय झालंय?"

मी हसले. खरंच हसले, तेव्हा मला ते जमलं. म्हणाले, "काही न्हाई बापू. अशक्तपणा हाय."

त्यांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. नंतर महिनाभर ते होते, पण पुन्हा कधी विचारलं नाही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

टॉर्च

आता माझं खूळ सांगते. घास अडकल्याच्या तिसऱ्या दिवसापासून मी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात घसा बघायला लागले. आधी सकाळी एकदा. मग भाजी शिजत घालून एकदा, मुली जेवायला बसल्या की एकदा. पडजीभ एका बाजूला झुकलीय असं वाटायचं, मग ती काल कशी होती ते आठवत बसायची. गळ्याच्या दोन्ही बाजू बोटांनी दाबून बघायची. दाबून दाबून डावी बाजू दुखायला लागली, मग ती दुखतेय म्हणून आणखी दाबायची.

आणि गिळून बघायची. तोंडात काही नसताना नुसतं गिळायचं, दाणा आहे का बघायला. तो असायचाच.

काळजी डोक्यात असते असं आपण म्हणतो. माझी सगळ्या अंगात पसरली. बसल्या जागी छाती धडधडायची. तळहात ओले, तोंड कोरडं. सकाळी उठल्या उठल्या पोटात ढवळायचं आणि तीन-तीनदा संडासला जावं लागायचं. विंचरताना केसांचा पुंजका निघायचा. भाकरी सुटली, मग पोळी सुटली, मग भात पातळ करून, मग नुसतं दूध आणि पेज. वजन उतरलं तशी माझी खात्रीच पटत गेली, कारण बापूंचंही असंच उतरलं होतं. न खाल्ल्याने उतरतंय हे समोर दिसत असून दिसायचं नाही.

मेस मात्र चालू होती. चाळीस जणींना जेवू घालायचं आणि आपण चमचाभर आमटी चाखायला घाबरायचं, अशी गत. अंदाजाने मीठ टाकायची. एकदा मुली ताटं घेऊन आत आल्या. "काकू, आज आमटीत मीठच नाही." दुसऱ्या दिवशी दुप्पट पडलं. तेव्हापासून शमीमबीने चाखायचं काम अंगावर घेतलं. पुढे रमजान आला, तिचे रोजे सुरू झाले, आणि आमच्या स्वयंपाकघरात मीठ बघायला कुणीच उरलं नाही. मग जी मुलगी पहिली दिसेल तिच्यापुढे आम्ही चमचा धरायचो. त्या दिवसांत एवढ्या एका गोष्टीवर मी हसल्याचं आठवतं.

शमीमबीने दर्ग्यातून दुआ फुंकून दम केलेलं पाणी आणून दिलं. मी प्यायले. ते एका घोटात उतरलं.

"बगा," ती म्हणाली, "पानी जाऊन राहिलं, दूध जाऊन राहिलं. बिमारी असती तर ती काय दूध-भाकर बघून अडवती का? फिकर हाय ही, अक्का."

फिकर आहे हे तिचं म्हणणं बरोबर होतं. पण ती डॉक्टर नव्हती, आणि जे डॉक्टर होते त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता.

तुम्ही जरा थांबा

लातूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाकड्यावर माझ्या शेजारी एक गृहस्थ तोंडाला उपरणं लावून बसले होते. मी त्यांच्यापासून सरकून बसले आणि मग सरकल्याचं वाईट वाटून परत जवळ आले. ह्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली होती.

नाकातून दुर्बीण घातली. समोरच्या पडद्यावर गुलाबी, ओलं काहीतरी हलत होतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, काही नाही. सगळं स्वच्छ आहे. टेन्शन घेऊ नका." मला फार बरं वाटलं. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि मागून डॉक्टर ह्यांना म्हणाले, "तुम्ही जरा थांबा."

दार बंद झालं. तीन मिनिटं असतील. त्या तीन मिनिटांत माझं सगळं ठरलं. दादाला आणि मला असंच बोलावलं होतं.

हे बाहेर आले. मी विचारलं, "काय म्हनले?"

"कुठं काय. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं."

बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर आत काय म्हणाले होते ते मला फार उशिरा कळलं. 'बाईंच्या मनावर ताण दिसतो, घरात काही वाद आहेत का?' एवढंच विचारलं होतं. ह्यांना त्याची शरम वाटली, म्हणून सांगितलं नाही. तिथे खरं सांगितलं असतं तर माझे पुष्कळ दिवस वाचले असते.

प्रणिताचे डोळे

नोव्हेंबरात नांदेडला सिटी स्कॅन केला. मी दादाच्या घरी थांबले, हे आणि प्रणिता रिपोर्ट आणायला गेले. दोन तासांत यायचं तर चार तास लागले. प्रणिता आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती.

"आई, नॉर्मल आहे," ती म्हणाली. "नुसती सूज आहे थोडी."

शब्दाला शब्द. तिला काही ठाऊक नव्हतं, बापूंच्या वेळी ती शाळेत होती. पण बापूंना मी हेच म्हणाले होते. मी दादाकडे बघितलं, तो टीव्हीकडे बघत होता. मी कागद घेतला, चष्मा लावला, आणि नावाखाली बोट ठेवून माझं नाव वाचायला लागले. मग माझं मलाच दिसलं मी काय करतेय ते.

लातूरला आल्यावर मेसमधल्या एका मुलीला तो रिपोर्ट दाखवला. ती डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने दोनदा वाचला. "काकू, यात खरंच काही नाही."

मी विचारलं, "हे नाव बघ बरं. छापलेलंच वाटतं का नंतर घातल्यासारखं?"

ती पोरगी माझ्याकडे घाबरून बघायला लागली. त्यानंतर आठवडाभर ती जेवताना माझ्यापासून लांब बसायची.

घरात कुजबुज वाढली. हे गॅलरीत जाऊन प्रणिताशी फोनवर बोलायचे, मी आले की विषय बदलायचे. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे, छातीवर हात ठेवून उभे राहायचे. मी वरून बघायची आणि मला भरून यायचं. म्हणायची, माझ्या दुखण्याने खचलाय हा माणूस. चिडचिड करायचे, संध्याकाळी फिरायला जायचं बंद केलं, त्याचाही मी तोच अर्थ लावला.

मग मी आवराआवर सुरू केली. कुठली साडी कुणाला ते ठरवलं. येसराचं प्रमाण शमीमबीला तोंडपाठ करायला लावलं. माझ्यामागे ह्यांनी कुणाशी लग्न करावं याचाही विचार केला. नात्यातल्या तिघी-चौघी नजरेखालून घातल्या, एकही पसंत पडली नाही.

एका शनिवारी प्रणिताने माझ्यापुढे पेजेची वाटी ठेवली आणि मी ती ढकलून दिली. ओरडले, "मला फसवू नको! मी बी असंच केलतं बापूला. खोटं बोलताना तोंड कसं होतं, मला म्हाईत हाय!"

तिने वाटी उचलली. आत जाऊन रडली. मला वाटलं, बघा, पकडली.

वीस वेळा गिळा

पोटाच्या डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या तिसऱ्या डॉक्टरांनी, मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मी म्हणाले, मला वेड लागलंय का? हे म्हणाले, "चल तर खरं. न्हाई पटलं तर परत येऊ." जानेवारीत गेलो. लातूरमध्येच एक बाई डॉक्टर आहेत, वयाने प्रणितापेक्षा थोड्याच मोठ्या. मी मनात म्हटलं, ही पोर मला काय सांगणार.

त्यांनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा नुसतं गिळून बघता?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "शंभर तरी होत असंल."

"आत्ता वीस वेळा गिळा. मीपण गिळते. मोजा."

आम्ही दोघी समोरासमोर बसून गिळायला लागलो. पाचपर्यंत ठीक. सात, आठ. नऊला माझं अडकलं. समोर बघितलं तर डॉक्टरबाईही मान पुढे काढून धडपडत होत्या. अकराला त्यांनी हात वर केला आणि पाण्याची बाटली उघडली.

"बघा," त्या म्हणाल्या, "माझाही घसा चालेना. मला काय झालंय?"

मग त्यांनी समजावलं. काळजीने घशाचे स्नायू आवळतात, तोंड कोरडं पडतं. तसल्या घशाला आपण दिवसातून शंभरदा कामाला लावायचं, वर दाबायचं, मग तो दुखणारच. शेवटी म्हणाल्या, "तुमचा त्रास खरा आहे. नाटक नाही, भास नाही. फक्त तो कॅन्सरचा नाही."

त्रास खरा आहे, हे ऐकून मी ढसाढसा रडले. इतके महिने 'काही नाही' ऐकून माझे कान किटले होते. काही नसेल तर मी मरतेय कशाने?

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस उलट जास्त घाबरायला झालं, हे सांगून ठेवते, कारण तेव्हाच पुष्कळ जणी सोडून देतात. टॉर्च बंद. गळ्याला हात लावायचा नाही. गिळून बघावंसं वाटलं की लांब श्वास सोडायचा आणि हाताला काम द्यायचं. मी लसूण सोलायची. महिन्याभरात मेसमध्ये एवढा लसूण साठला की मुलींना तीन दिवस ठेचा मिळाला. झोप सुधारली, धडधड कमी झाली, दुधात कुस्करलेली भाकरी जायला लागली. तेवढ्यावर मात्र गाडी अडली. अंग थोडं ऐकायला लागलं होतं, पण घरच्यांनी माझ्यापासून काहीतरी लपवलंय ही खात्री हलेना.

तिसऱ्या खेपेला मी डॉक्टरबाईंना बापूंचं सगळं सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानासकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी लेकीला आणि मिस्टरांना घेऊन या.

सांगू का पप्पा?

फेब्रुवारीच्या शेवटी चौघं त्या छोट्या खोलीत बसलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, इथे कुणालाही बाहेर पाठवून बोलणं होणार नाही. मग त्यांनी प्रणिताला सरळ विचारलं, "घरात आईपासून काही लपवलंय का?"

ती नाही म्हणेल आणि मला ते पुन्हा पटणार नाही, असं मी धरून चालले होते. पण प्रणिताने ह्यांच्याकडे बघितलं. हे फरशीकडे बघत होते.

"सांगू का पप्पा?"

 मग तिने सांगितलं. नांदेडला माझा रिपोर्ट आणायला गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात ह्यांच्या छातीत कळ आली होती. तिथेच ईसीजी काढला. नंतर फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. डॉक्टरांनी अँजिओग्राफी लवकर करा म्हणून सांगितलं होतं. त्याला तीन महिने झाले होते. आई आधी बरी होऊ दे, असं ह्यांनी ठरवलं आणि प्रणिताला शपथ घातली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं होईल. मला हलकं वाटलं. लपवलेलं होतं, पण ते माझं नव्हतं. एक श्वास आत-बाहेर होईपर्यंत मी सुखी होते. मग शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे लक्ष गेलं. मधल्या पायरीवर थांबणारा माणूस आठवला, आणि मला स्वतःची किळस आली. मी दिवसातून शंभर वेळा माझा गळा चाचपत होते आणि हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर छाती धरून उभा राहत होता.

पण तोंडातून निघाला तो रागच. "तीन महिने? तीन महिने असंच जिने चढून राहिले तुमी?"

"तुला सांगितलं असतं तर तू हाय खाल्ली असतीस," हे म्हणाले.

"मग न सांगताच खाल्ली की!"

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. बहुतेक हसू लपवत असाव्यात. प्रणिता रडत होती आणि हसतही होती.

त्या दिवशी घरी येऊन मी रागारागात भाकऱ्या थापल्या, भांडत भांडत जेवले, कुणाला फोन करायचे, रजा कशी काढायची, मेस कोण बघेल ते बोलत होते. ताट उचलायला आलेली शमीमबी म्हणाली, "अक्का, अख्खी भाकर खाल्ली तुमी." मी ताटाकडे बघितलं. खरंच खाल्ली होती.

एका भाकरीने मी बरी झाले असं मात्र कुणी समजू नये. गोळ्या अजून चालू आहेत. आजही कधीकधी, काही कारण नसताना, तो दाणा येऊन बसतो. मी लसूण सोलायला घेते. कधी तासाभराने जातो, कधी दोन दिवस राहतो.

जेंट्स कोण आहे?

अँजिओग्राफी नांदेडला ठरली. सकाळी ह्यांना आत नेलं. बाहेर प्रणिता, दादा आणि मी. तो दाणा परत आला होता. लांब श्वास सोडत होते, मोजत होते, मोजताना आकडे चुकत होते. आत नेताना ह्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं होतं. ते मी दर मिनिटाला बघत होते.

दार उघडलं. हिरव्या कपड्यातले डॉक्टर म्हणाले, "पेशंटबरोबर जेंट्स कोण आहे?"

दादा उठला. डॉक्टर त्याला घेऊन भिंतीकडे जायला लागले. मी उठून गेले आणि दोघांच्या मधे उभी राहिले.

"डॉक्टरसाहेब, मी त्यांची बायको. मला सांगा."

दादा म्हणाला, "तू बस गं. मी ऐकून घेतो."

"न्हाई दादा. मागं ऐकून घेतलं व्हतं आपण. बास झालं."

त्याने माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांत आम्ही त्यावर एकदाही बोललो नव्हतो. तो बाजूला झाला.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून मला सांगितलं. एक नस जवळजवळ बंद होती, तिथे स्टेंट टाकलाय. धोका टळलाय, पण सगळा नाही. दुसरी एक नस बारीक झालीय. तिचं तीन महिन्यांनी परत बघायचं, औषधांनी भागलं नाही तर ऑपरेशन लागेल. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं.

संध्याकाळी पाच मिनिटं भेटायला सोडलं, एकालाच. दादा दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "आत्ता दुसऱ्या नसेचं काढू नको. घाबरतेल."

आत हे पांढऱ्या चादरीखाली पडले होते. एवढा थोराड माणूस, पण गादीवर लहान दिसत होता. मला बघून त्यांनी मान वळवली.

"काय म्हनले डॉक्टर?"

माझ्या तोंडावर हसू यायला लागलं होतं. मला ते कळत होतं, गाल वर जात होते, शब्द जिभेवर तयार होते. इतकं सोपं होतं ते. मी त्यांचा हात धरला, एक आवंढा गिळला आणि सांगितलं. एक नस उघडलीय. दुसरी बारीक आहे. तीन महिन्यांनी परत यायचंय. ऑपरेशन लागेलही, नाही लागणार हेही होईल. आत्ता कुणालाच माहीत नाही.

ते वर छताकडे बघत राहिले. मशीनचा आवाज चालू होता. मला वाटलं, मी चूक केली, दादाचं ऐकायला हवं होतं.

मग त्यांनी माझा हात दाबला.

"एवढंच व्हय?" ते म्हणाले. "तू आत आलीस तेव्हा तुझं तोंड बघून मला वाटलं, आता काय मी वाचत न्हाई."